खोलीची परीक्षा : कोलारची खाण, समुद्राचा तळ आणि न्यूट्रिनोचा शोध

न्यूट्रिनो या कणाच्या शोधाचा इतिहास सामान्यतः सिद्धांतांच्या आणि यंत्रांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि या शोधाची खरी मदार जागेवर राहिली आहे. यंत्र कितीही नाजूक असले तरी ते कोठे ठेवायचे, त्याच्या माथ्यावर किती खडक किंवा किती पाणी असायचे आणि त्या आवरणातून नको असलेले किती कण झिरपतात, हे आधी मोजून घेतल्याशिवाय या क्षेत्रात एकही पाऊल पुढे पडलेले नाही. भारतात ही मोजणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या आरंभी कोलारच्या सोन्याच्या खाणींत हाती घेतली. पुढे हवाई बेटांजवळ आणि भूमध्य समुद्रात जी प्रायोगिक शोधयंत्रे खोल पाण्यात उतरवली गेली, त्यांनाही पहिली परीक्षा याच विषयात द्यावी लागली.

या कणाची कल्पना वुल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये मांडली. काही किरणोत्सर्गी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता, तो जुळावा म्हणून त्यांनी एक न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण गृहीत धरला. हा कण पदार्थाशी इतका क्वचित संबंध ठेवतो की सूर्याकडून येणारे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला बोटाच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात आणि पृथ्वी भेदून पलीकडे निघूनही जातात. क्लाइड कोवान आणि फ्रेडरिक राइन्स यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व प्रथम सिद्ध केले. परंतु तो माणसाने उभारलेल्या भट्टीतला न्यूट्रिनो होता. निसर्गात आपोआप निर्माण होणारा न्यूट्रिनो तोवर कोणाच्याही यंत्रात सापडला नव्हता.

असे नैसर्गिक न्यूट्रिनो पृथ्वीच्या वातावरणातही तयार होतात. अवकाशातून अतिवेगाने येणारे प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रे, ज्यांना विश्वकिरण म्हणतात, हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, त्या आघातातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण निघतात आणि पायॉनचा क्षय होऊन म्यूऑन व न्यूट्रिनो ही जोडी जन्म घेते. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असून तो विद्युतभारित आहे, त्यामुळे यंत्रात त्याची नोंद सहज होते. जमिनीवरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडत असतो. अडचण नेमकी येथेच आहे. एखादा न्यूट्रिनो क्वचित खडकातील अणुकेंद्रावर आदळतो तेव्हा त्यातूनही म्यूऑनच निघतो, आणि वरून पडणाऱ्या म्यूऑनांच्या सरीत हा एक वेगळा ओळखणे जमिनीवर अशक्य ठरते. म्हणून वरच्या म्यूऑनांना अडवेल आणि न्यूट्रिनोला मात्र वाट देईल अशी ढाल लागते, व ती ढाल म्हणजे शेकडो नव्हे तर हजारो मीटर जाडीचे आवरण.

ही जाडी किती, याची कल्पना बीड जिल्ह्यातील वाचकाला त्याच्या शिवारावरून चांगली येईल. बालाघाटच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या पायथ्याच्या गावांत दुष्काळी वर्षी बोअरची गाडी सातशे-आठशे फूट खाली जाते आणि पाण्याऐवजी नुसता फुफाटा वर फेकते. न्यूट्रिनोच्या शोधाला ज्या खोलीची गरज पडली ती त्या कोरड्या बोअरच्या साधारण दहापट आहे. बीडची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांची, म्हणजे बेसाल्टची आहे. या थरांखाली काय आहे ते १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे घेतलेल्या संशोधन-विंधनातून प्रत्यक्ष दिसले. तेथे ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाच्या खडकाचा पातळ थर लागला आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. ६१७ मीटरवर विंधन थांबले तेव्हाही तोच खडक चालू होता. भूवैज्ञानिक या पायाच्या खडकाला दक्षिणेतील धारवाड भूखंडाचा उत्तरेकडील विस्तार मानतात, आणि कोलारची सोन्याची पट्टीही त्याच भूखंडात आहे. मराठवाड्याच्या लाव्हाखाली कोलारचा नातलग खडक दडलेला आहे खरा, पण तेथवर माणूस उतरेल असा मार्ग कोणी खोदला नाही, कारण खोदण्याचा खर्च भरून देईल असे सोने तेथे नव्हते.

विज्ञानाला आवश्यक असलेली खोली विज्ञानाने स्वतःच्या पैशाने सहसा मिळवलेली नाही, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळते. कोलार येथे १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने यांत्रिक खाणकाम सुरू केले आणि १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून वीज तारांवरून तेथवर आणली गेली. सोन्याची शीर जसजशी खाली गेली तसतसे खाणकामगारही तिच्यामागे खाली गेले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चॅम्पियन रीफ ही खाण जगातल्या सर्वांत खोल खाणींत गणली जाऊ लागली. तेथील खडक खोलीबरोबर तापत जातो, म्हणून वरून थंड हवा सतत ढकलावी लागे. खडकावरचा ताण अचानक मोकळा होऊन दगड स्फोटासारखे फुटत, आणि अशा दुर्घटनांत कामगारांचे बळी गेले. तमिळ, तेलुगू आणि कन्नड भाषक मजुरांच्या तीन-चार पिढ्यांनी जी खोली निर्माण केली, तिच्यावर पुढे भौतिकशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. प्रबंधांच्या शीर्षस्थानी त्यांची नावे येणे शक्य नव्हते, परंतु इतिहास लिहिताना हे ऋण वगळणे योग्य ठरणार नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये होमी भाभा यांच्या पुढाकाराने बंगळूर येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईला आली. पेडर रोडवरील एक बंगला, मग अपोलो बंदराजवळील यॉट क्लबची जुनी इमारत असा मुक्काम करत ती अखेर कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून स्थिरावली. भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक होते आणि या विषयात भारताला निसर्गाने दोन सोयी दिल्या आहेत हे त्यांनी ओळखले होते: विषुववृत्ताजवळचे आकाश, जेथे फुगे सोडून किरणांचा वरून अभ्यास करता येतो, आणि कोलारची खाण, जेथे तोच अभ्यास खालून करता येतो. फुग्यांचे काम मुंबई आणि हैदराबादकडे वाढले; खाणीचे काम त्यांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाकडे सोपवले. श्रीकांतन कणांची गणना करणाऱ्या गायगर नळ्या घेऊन खाणीत उतरले तेव्हा न्यूट्रिनो हा त्यांचा विषय नव्हता. म्यूऑन किती खोलवर पोचतात आणि खोलीबरोबर त्यांची संख्या कशी घटते, एवढेच त्यांना मोजायचे होते. हे काम वरकरणी रूक्ष वाटते, पण कोलारच्या पुढच्या साऱ्या यशाचा पाया येथे घातला गेला.

वेगवेगळ्या खडकांची घनता वेगळी असते, म्हणून या मोजणीत एक सोयीचे माप वापरतात. अमुक जाडीच्या खडकाचा भार किती मीटर पाण्याच्या भाराइतका होतो, त्याला त्या जागेची जलतुल्य खोली म्हणतात. कोलारचा खडक पाण्याच्या तिपटीएवढा जड असल्याने तेथील एक किलोमीटर म्हणजे सुमारे तीन किलोमीटर पाणी. १९६० च्या दशकाच्या आरंभी ओसाका सिटी विद्यापीठाचे साबुरो मियाके, टाटा संस्थेचे व्ही. एस. नरसिंहम् आणि पी. व्ही. रमण मूर्ती यांनी काहीशे मीटरपासून पावणेतीन किलोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने खाली जात म्यूऑनांची नोंद घेतली. प्रत्येक टप्प्यावर आकडा घटत गेला, आणि सर्वांत खालच्या, म्हणजे सुमारे ८,४०० मीटर जलतुल्य खोलीच्या ठिकाणी यंत्र दोन महिने चालवूनही एकही म्यूऑन आला नाही. प्रयोगशाळेत शून्य नोंद म्हणजे सहसा निराशा. येथे मात्र त्या शून्यामुळेच जागा पसंत पडली. वरून येणारे म्यूऑन जेथे जवळजवळ संपतात तेथे जो म्यूऑन दिसेल तो न्यूट्रिनोने खडकात निर्माण केलेला असण्याची शक्यता मोठी, हे अनुमान आता प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेले होते.

टाटा संस्थेचे एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रिनोसाठी जी जागा निवडली ती तळापेक्षा थोडी वर, सुमारे ७,५०० फुटांवर, म्हणजे २.३ किलोमीटर खोल होती. हीथकोट या उभ्या विहिरीतून पाळण्याने तेथे उतरत. या कामात ओसाकाच्या गटाबरोबर इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचा आर्नल्ड वुल्फेंडेल यांचा गट सामील झाला. १९६४ च्या अखेरीपासून जी शोधयंत्रे तेथे जोडली गेली त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. विश्वकिरण मोजणारे यंत्र साधारणपणे आडवे ठेवतात, कारण किरण वरून येतात. कोलारमध्ये मात्र प्रस्फुरकाच्या, म्हणजे कण आरपार गेल्यावर क्षीण चमक देणाऱ्या प्लास्टिकच्या, दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मीटरभराहून कमी अंतर होते. त्या भिंतींच्या दरम्यान शिशाचे पत्रे आणि निऑन वायूने भरलेल्या शेकडो काचेच्या नळ्यांचे थर होते. दोन्ही भिंती एकाच क्षणी चमकल्या की त्या नळ्यांवर विजेचा उच्च दाब दिला जाई, ज्या नळ्यांतून कण गेला असेल तेवढ्याच लाल उजेडाने उजळत आणि कॅमेरा त्या ठिपक्यांच्या रांगेचे छायाचित्र घेई. त्या रांगेवरून कण कोणत्या कोनातून आला ते काढता येई.

भिंती उभ्या असण्याला कारण होते. वरून येणारा म्यूऑन जितका तिरका येईल तितका त्याला अधिक खडक ओलांडावा लागतो, त्यामुळे इतक्या खोलीवर जे थोडे वाचतात ते जवळजवळ सरळ उभेच येतात. न्यूट्रिनोला खडकाची तमा नसल्याने तो कोणत्याही दिशेने येतो, आणि आडव्या दिशेने त्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. उभ्या भिंतींचे यंत्र आडव्या वाटेलाच मुख्यतः दाद देते, म्हणजे यंत्राची रचना स्वतःच चाळणीचे काम करते. ही युक्ती साधी आहे आणि तिचे मोल अजून कमी झालेले नाही.

१९६५ च्या पूर्वार्धात आडव्या वाटेने गेलेले म्यूऑन कोलारच्या छायाचित्रांत उमटले. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, राइन्स आणि फ्रीडेल सेलशॉप यांचा गट हाच शोध घेत होता. कोलारच्या गटाचा शोधनिबंध १२ जुलैला नियतकालिकाकडे पोचला आणि १५ ऑगस्ट १९६५ रोजी प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील गटाचा २६ जुलैला पोचला आणि ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील पहिली नोंद त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली असल्याने प्रथमपणाचा मान कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. परंतु वातावरणीय न्यूट्रिनोचे पहिले प्रसिद्ध वृत्त भारतातील खाणीतून गेले, याबद्दल शंका नाही. भारतीय विज्ञानाच्या शालेय इतिहासात रामन आणि भाभा यांची नावे ठळक येतात आणि ही घटना मात्र बहुधा वगळली जाते, ही उणीव भरून निघायला हवी.

त्यानंतर पाव शतक कोलारचे काम चालले. सत्तरच्या दशकात तेथील यंत्रांत काही चमत्कारिक नोंदी सापडल्या, ज्यांत एकाहून अधिक वाटा खडकात नव्हे तर यंत्राजवळच्या मोकळ्या हवेत एका बिंदूपासून फुटलेल्या दिसत होत्या. एखादा नवा, जड आणि क्षणजीवी कण तेथे क्षय पावला असावा असे अनुमान १९७५ मध्ये मांडले गेले. या ‘कोलार घटनां’ना इतरत्र दुजोरा मिळाला नाही आणि त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरणही झाले नाही. १९८० मध्ये त्याच खोलीवर १४० टनांचे दुसरे यंत्र उभे राहिले, लोखंडी पत्रे आणि चौकोनी लोखंडी नळ्यांतील वायुगणक यांचे चौतीस थर रचून. त्याचा उद्देश प्रोटॉनचा क्षय होतो का हे पाहण्याचा होता. पुढे सुमारे २६० टनांचे आणखी एक यंत्र थोड्या वरच्या पातळीवर बसवले गेले. काही नोंदी प्रोटॉन-क्षयाच्या असू शकतील असे गटाने जाहीर केले, परंतु अमेरिका आणि जपानमधील अधिक मोठ्या, पाण्याने भरलेल्या यंत्रांना तसे काही आढळले नाही. जपानमधील कामिओका खाणीतील यंत्रही मुळात प्रोटॉन-क्षयासाठीच बांधले होते. त्याने १९८७ मध्ये एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले, आणि त्याच्या वारसदार यंत्राने १९९८ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे दाखवले, ज्यातून न्यूट्रिनोला अल्प का होईना वस्तुमान आहे हे सिद्ध झाले. कोलारमध्ये प्रथम दिसलेला कण तोच होता. जपानकडे अधिक मोठे यंत्र आणि ते ठेवण्याची जागा टिकून राहिली, हा फरक.

कोलारची जागा टिकली नाही. सोन्याचे प्रमाण घटत गेले, उत्पादन तोट्यात आले, खोल पातळ्या एकामागून एक सोडून दिल्या गेल्या आणि १९९२ च्या सुमारास प्रयोगही आवरावे लागले; २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणीच बंद झाल्या. पंप थांबल्यावर विहिरी पाण्याने भरल्या. ज्या दोन-अडीच किलोमीटर खोलीचा खर्च सोन्याने उचलला होता ती निव्वळ विज्ञानाच्या बळावर कोरडी ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते.

खाणीला पर्याय म्हणून समुद्राचा विचार कोलारच्या शोधापूर्वीच झाला होता. सोव्हिएत शास्त्रज्ञ मोइसेय मार्कोव्ह यांनी १९६० मध्ये सुचवले की खोल तलावात किंवा समुद्रात प्रकाशगुणक नळ्या, म्हणजे अत्यंत क्षीण प्रकाशाचे विद्युत स्पंदनात रूपांतर करणाऱ्या नळ्या, सोडाव्यात आणि चेरेन्कोव्ह प्रकाशाची वाट पाहावी. पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातातल्यापेक्षा कमी असतो. एखादा भारित कण पाण्यातील प्रकाशापेक्षा जलद गेला की त्याच्या मागे निळसर उजेडाचा शंकू पसरतो, तोच चेरेन्कोव्ह प्रकाश. समुद्रात एकच पाणी ढालीचे, लक्ष्याचे आणि पडद्याचे अशी तिन्ही कामे करते, शिवाय ते घनकिलोमीटरच्या मापात फुकट उपलब्ध असते. खाणीच्या गुहेत इतके मोठे यंत्र कल्पनेतही मावत नाही.

मात्र समुद्राच्या अटी वेगळ्या आहेत. दर दहा मीटरला एका वातावरणाने दाब वाढतो, त्यामुळे साडेतीन किलोमीटरवर काचेच्या गोळ्याला साडेतीनशे वातावरणांचा दाब सोसावा लागतो. खारट पाण्यात विरघळलेल्या पोटॅशियमचा एक अंश किरणोत्सर्गी असतो आणि त्याच्या क्षयातून सतत चमका निघतात. खोल पाण्यातले काही जीव स्वतः प्रकाशतात, आणि प्रवाह वाढला की त्यांचा उजेडही वाढतो. म्हणून समुद्रातही आधी जागेचीच परीक्षा घ्यावी लागली. हवाई बेटांजवळ आखलेल्या ‘ड्युमंड’ या प्रकल्पात, ज्यात राइन्स हेही होते, १९८७ मध्ये सात प्रकाशगुणक नळ्यांची एक आखूड माळ जहाजावरून दोरखंडाने सोडण्यात आली आणि दोन किलोमीटरपासून चार किलोमीटरपर्यंत थांबत थांबत म्यूऑन मोजण्यात आले. कोलारमध्ये खाणीच्या पाळण्यातून पातळी-पातळीने जे केले गेले होते, तेच येथे समुद्रात झाले, आणि खोलीबरोबर म्यूऑन घटण्याची रेषाही अपेक्षेप्रमाणे उतरली. डिसेंबर १९९३ मध्ये तळाशी बसवलेली पहिली कायमची माळ मात्र एका जोडात पाणी शिरल्याने लवकरच बंद पडली आणि दोन-तीन वर्षांत प्रकल्पच गुंडाळला गेला. रशियातील बैकाल सरोवरात, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर उभे राहून माळा सोडता येत असल्याने, काम अधिक सुरळीत झाले. फ्रान्समधील तुलोंजवळचे ‘अँटारिस’ बारा माळांसह २००८ मध्ये पूर्ण झाले आणि २०२२ पर्यंत चालले.

भूमध्य समुद्रातील सध्याच्या ‘केएम३नेट’ या यंत्राच्या आद्य नमुन्याची चाचणी विशेष उद्बोधक आहे. पूर्वीच्या यंत्रांत दाब सोसणाऱ्या एका काचेच्या गोळ्यात एकच मोठी प्रकाशगुणक नळी असे. येथे सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात तीन इंची एकतीस नळ्या चहूबाजूंना तोंड करून बसवल्या गेल्या. असा एक गोळा एप्रिल २०१३ मध्ये ‘अँटारिस’च्याच एका माळेवर बांधून खाली सोडला, आणि मे २०१४ मध्ये सिसिलीच्या कापो पासेरोजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात तीन गोळ्यांची छोटी माळ उतरवली, जी वर्षभराहून अधिक काळ नोंदी घेत राहिली. एकतीस नळ्यांचा लाभ मोजणीत दिसून आला. पोटॅशियमच्या चमकेने एकाच वेळी दोन-तीन, फार तर चार-पाच नळ्या उजळतात, परंतु म्यूऑन जवळून गेला तर त्याहून अधिक नळ्या एकाच क्षणी दाद देतात. त्यामुळे एकट्या गोळ्यालाही समुद्राची स्वतःची चमक आणि बाहेरून आलेला कण यांतला फरक करता येतो. पोटॅशियमचा त्रास पुढे उपयोगीही ठरला, कारण त्या चमकांचे प्रमाण स्थिर असल्याने नळ्यांची संवेदनक्षमता आणि वेळेचा मेळ तपासण्यास त्यांचाच आधार घेतला जातो.

साडेतीन किलोमीटर पाणी म्हणजे कोलारच्या ढालीच्या निम्मेच आवरण, कारण २.३ किलोमीटर खोलीवरच्या त्या प्रयोगाच्या माथ्यावर सुमारे सात हजार मीटर पाण्याइतका भार होता. म्हणून समुद्रातील यंत्रे मुख्यतः खालून वर येणाऱ्या वाटा शोधतात, म्हणजे सबंध पृथ्वीलाच ढाल करतात. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळच्या, तेव्हा एकवीस माळांच्या, यंत्रात एका म्यूऑनने विलक्षण तेजस्वी वाट काढली. ती जवळजवळ आडवी होती. त्या दिशेने येणाऱ्या साध्या म्यूऑनला खडक व पाणी मिळून शेकडो किलोमीटर जलतुल्य अंतर पार करावे लागले असते, जे शक्य नाही, म्हणून तो न्यूट्रिनोपासूनच निघालेला असला पाहिजे असा निष्कर्ष काढला गेला. त्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तोवर नोंदल्या गेलेल्या कोणत्याही न्यूट्रिनोपेक्षा अधिक, असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलारच्या उभ्या भिंतींमागचा तर्क साठ वर्षांनी समुद्रात तसाच्या तसा कामी आला.

भारताने समुद्राची वाट धरली नाही. तो डोंगराकडे वळला. कोलार बंद झाल्यावर टाटा संस्थेच्या पुढाकाराने आणि नवकुमार मंडल, त्यांच्यानंतर विवेक दातार यांच्या नेतृत्वाखाली भारतस्थित न्यूट्रिनो वेधशाळेची योजना आखली गेली. एकावन्न हजार टन चुंबकित लोखंडाचे दीडशे थर आणि त्यांच्या फटींत काचेचे वायुकक्ष, असे ते यंत्र व्हायचे होते. या कक्षांत काचेच्या दोन तावांमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवून वायू भरतात आणि सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब देतात. कण गेला की त्या जागी सूक्ष्म ठिणगी पडते. अशा एक मीटर लांबी-रुंदीच्या बारा कक्षांची उतरंड कुलाब्यात रचून वर्षानुवर्षे म्यूऑन टिपण्यात आले, आणि २०१८ पासून मदुरै येथे ८५ टनांचा छोटा नमुना, अकरा लोखंडी थरांचा, जमिनीवरच चालू झाला.

यंत्राचा नमुना उत्तीर्ण होत असताना जागा मात्र हाती आली नाही. बीडसारख्या बेसाल्टच्या पठारावर असा प्रकल्प विचारात घेण्याचे कारणच नव्हते, कारण वर किमान एक किलोमीटर अखंड खडक राहील असा उंच डोंगर तेथे नाही आणि लाव्हाच्या थरांमधील भेगांत पाणी खेळत असते. निलगिरीतील सिंगारा ही जागा वन्यजीवांच्या कारणाने सोडावी लागली. नंतर निवडलेल्या तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील बोडी पश्चिम टेकड्यांतील प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे पंधराशे कोटी रुपयांची मंजुरी दिली, परंतु पाणी, जंगल आणि पश्चिम घाट यांविषयीच्या स्थानिकांच्या आक्षेपांमुळे प्रकरण न्यायालयांत आणि हरित न्यायाधिकरणात गेले. तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला. खाण खोदली जाते तेव्हा तिची किंमत कोण भरतो हा प्रश्न कोलारमध्ये कोणी विचारला नव्हता. थेनीत तो विचारला गेला, आणि शास्त्रज्ञांना त्याचे उत्तर लोकांना पटेल अशा रीतीने देता आले नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ही वेधशाळा आखली होती, म्हणजे तीन प्रकारच्या न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम, त्यासाठी चीनमधील ‘जूनो’ हे यंत्र २०२५ मध्ये सुरू झाले आहे.

देशात सध्या जी खोल प्रयोगशाळा चालू आहे ती पुन्हा एका चालू खाणीतच आहे. झारखंडमधील जादुगोडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेने ती उभारली, आणि तिचा विषय न्यूट्रिनो नसून कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातील न दिसणारे वस्तुमान आहे. तेथेही त्या खडकातून म्यूऑन किती उतरतात आणि खडक स्वतः किती न्यूट्रॉन व गॅमा किरण सोडतो, याची मोजणी आधी करावी लागली.